तळघरात पंप, दारात टँकर

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी सव्वासहाच्या सुमाराला मी आमच्या सोसायटीच्या गेटपाशी उभी होते. बाहेर टँकर लागला होता. चालकाने जाड पाइप ओढत आणून जमिनीखालच्या टाकीत सोडला होता आणि वॉचमन वहीत गाडीचा नंबर, वेळ आणि ‘दहा हजार लिटर’ असं लिहून घेत होता. त्याच वेळी वीस पावलांवर, पार्किंगच्या खालच्या मजल्यावर, दुसरा एक पंप घरघरत होता. तिथे भिंतीतून पाणी पाझरतं. ते एका खड्ड्यात साठतं आणि खड्डा भरत आला की पंप आपोआप सुरू होऊन ते रस्त्याकडेच्या गटारात फेकायचा. मी खाली जाऊन त्यात हात बुडवला. पाणी गार होतं, तळ दिसेल इतकं नितळ होतं. वर टँकरमधून पडणारं पाणी त्याच्यापेक्षा गढूळ होतं. एका दारातून आम्ही पाणी विकत घेत होतो आणि दुसऱ्या दाराने वीज जाळून पाणी फेकून देत होतो.

हे पुण्याच्या पश्चिमेकडचं, महापालिकेत उशिरा आलेलं एक गाव आहे. सोसायटीच्या बैठकीत हा पाझर दर वर्षी निघतो आणि दर वर्षी वॉटरप्रूफिंगचा खर्च मंजूर होतो. गावातले एक आजोबा रोज संध्याकाळी आमच्या गेटसमोरच्या कट्ट्यावर बसतात. त्यांना एकदा सहज विचारलं, तर ते म्हणाले, “ताई, तुमची पार्किंग आहे ना, तिथनंच ओढा जायचा. वरच्या अंगाला आमची विहीर होती, उन्हाळ्यातबी हाताला पाणी लागायचं. ते पाणी जाणार कुठं? जुन्या वाटेनंच येतंय ते.”

शहरांच्या भविष्यावर सध्या खूप बोललं जातं. मेट्रोचे टप्पे, रिंग रोड, उड्डाणपूल, विजेवरच्या बस, सौर पॅनल असं सगळं त्यात असतं. यातलं बरंच काही हवंच आहे. पण माझं ठाम मत असं झालं आहे, की शहराचा आराखडा रस्त्यापासून सुरू होतो तिथेच चूक होते. तो पाण्यापासून सुरू व्हायला हवा. पाणी कुठून येतं, कुठे मुरतं, कुठून वाहतं आणि वापरून झाल्यावर कुठे जातं, हे कागदावर पहिल्यांदा यावं. त्यानंतर रस्ते आणि मग इमारती. टिकाऊ विकासाची एवढीच एक कसोटी मी धरते, आणि पुण्याला ती लावून पाहते, कारण हे शहर मला पायांखालून माहीत आहे.

पुणं मुळात पाण्याचा अंदाज घेऊनच वाढलेलं गाव. पेठा वाढायला लागल्या तेव्हा, अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून घेतले आणि तिथून जमिनीखालच्या दगडी नळाने पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं. वाटेवर हौद बांधले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं अजून पत्त्यांमध्ये टिकून आहेत. पाणी नुसत्या उताराच्या जोरावर येत होतं आणि नळाला जागोजाग उच्छ्वास, म्हणजे हवा बाहेर पडायच्या वाटा, ठेवले होते. कात्रजच्या डोंगरातूनच येणारा आंबील ओढा तेव्हा गावठाणाच्या अंगावरून वाहत मुठेला मिळत असे. पेठांना जागा हवी म्हणून पेशव्यांनी तो पश्चिमेला वळवला आणि पर्वतीच्या पायथ्याशी त्याचं पाणी अडवून तळं केलं. आजची सारसबाग त्या तळ्याच्या जागेवर आहे, म्हणून तिथल्या गणपतीला पुणेकर अजून ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात.

ओढा वळवणं हेच मोठं पाप, असं त्यामुळे मी म्हणणार नाही. शहर वाढतं तेव्हा जमिनीची उलथापालथ होतेच. पण ज्यांनी तो वळवला त्यांनी त्याला दुसरी मोकळी वाट दिली आणि पाणी थांबायला मधे एक तळंही दिलं. पाणी येणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आपण गेल्या पन्नास वर्षांत ओढे वळवले, अरुंद केले, पाइपात घातले, पण त्यांना दुसरी वाट कुठेच दिली नाही.

जुन्या व्यवस्थेचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. तेव्हाही पाणी सगळ्यांचं नव्हतं. अस्पृश्य मानलेल्यांना सार्वजनिक हौदाला हात लावायची मुभा नव्हती. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला, तो याच शहरात. तेव्हा पुण्यात पाण्याचा प्रश्न निघाला की तो किती पाणी आहे याचा असतो तसाच ते कुणाला मिळतं याचाही असतो. आज पेठांत नळाला भरपूर पाणी येतं आणि हद्दीवरच्या गावांत बायका टँकरच्या मागे हंडे घेऊन धावतात. हा जुनाच प्रश्न नव्या जागी येऊन उभा राहिला आहे.

माझ्या मावशीच्या सासरचा वाडा नारायण पेठेत होता. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेच्या काठचं अर्धं पुणं पाण्याखाली गेलं. वाडा त्यातच गेला. पुढे पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतलं एक घर या कुटुंबाला मिळालं, सहकारनगरात. जागा नदीपासून लांब, डोंगराच्या अंगाला. आता पुराची भीती नाही, असं सगळे समजून चालले होते.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरावर जबरदस्त पाऊस झाला. आंबील ओढा फुगला आणि अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल, दत्तवाडी असा सगळा पट्टा त्याने धरला. टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. पुणे शहर आणि जिल्ह्यात मिळून त्या पावसाने वीसहून अधिक जीव घेतले. दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे पोहोचले तेव्हा घरात घोट्याएवढा चिखल होता. फ्रीज आडवा पडला होता, धान्याचे डबे अंगणातल्या पारिजातकाच्या बुंध्याशी जाऊन अडकले होते आणि भिंतीवर माझ्या कमरेच्या उंचीला एक तपकिरी रेघ उमटली होती. मावशी तेव्हा सत्याहत्तर वर्षांची होती. पलंगावर पाय घेऊन बसली होती. मला म्हणाली, “तेव्हा धरण फुटलं होतं गं. या वेळी काय फुटलं?”

काहीच फुटलं नव्हतं. हेच तर समजून घ्यायचं आहे. डोंगरउतारावर गवत आणि झुडपं असतात तेव्हा पावसाचं पाणी थबकत, मुरत, वाकडंतिकडं होत खाली येतं. ओढ्याला ते तासा-दोन तासांत थोडं थोडं मिळतं. उतारावर घरं, रस्ते, काँक्रीटची अंगणं आली की तेच पाणी दहा-वीस मिनिटांत एकदम खाली उतरतं. पाऊस तितकाच, पण ओढ्याचा लोंढा कितीतरी मोठा. आणि नेमक्या त्याच काळात ओढ्याची रुंदी घटत गेलेली. एका बाजूने सोसायटीची सीमाभिंत दोन हात पुढे सरकलेली, दुसऱ्या बाजूने टपऱ्या, मधे रस्त्यासाठी टाकलेली मोरी, तिच्या तोंडाशी अडकलेले ओंडके, प्लास्टिक आणि राडारोडा. या प्रत्येक गोष्टीला कुणी ना कुणी कधी तरी मंजुरी दिली आहे किंवा तिच्याकडे काणाडोळा केला आहे. म्हणून चौकशीत एक आरोपी सापडत नाही आणि प्रश्न आहे तिथेच राहतो.

हे काही पुण्याचंच नाही. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा गटार म्हणून ओळखला जाणारा मिठीचा प्रवाह ही नदी आहे हे शहराला पुन्हा कळलं. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत शिरली. शहरं वेगवेगळी, पण जुन्या प्रवाहाचं नाव पुसायचं आणि त्याच्या जागेवर बांधायचं, ही रीत सगळीकडे सारखीच आहे.

पुण्याच्या पोटातला खडक हा या गोष्टीचा दुसरा भाग आहे. दख्खनचा काळा पाषाण थरांचा असतो. वर मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक, त्याखाली घट्ट कातळ, मग पुन्हा भेगांचा थर. पाणी राहतं ते या भेगांत. टेकड्यांवर पडलेला पाऊस उतारावरून मुरत या थरांत शिरतो आणि खाली विहिरींना, झऱ्यांना, ओढ्यांना मिळतो. म्हणजे वेताळ टेकडी ही सकाळी फिरायला जायची जागा आहेच, पण ती पुण्याच्या जमिनीखालच्या टाकीचं तोंडही आहे. टेकड्या आणि डोंगरउतार जैवविविधता उद्यान म्हणून राखीव ठेवावेत यासाठी पुणेकरांनी वर्षानुवर्षं भांडण केलं. टेकडीवरून रस्ता नेण्याचा, तिच्या पोटातून बोगदा काढण्याचा विषय पुन:पुन्हा डोकं वर काढतो. ‘चार झाडांसाठी वाहतूक कोंडी सोसायची का?’ असं विचारणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की झाडं बाजूला ठेवा, नुसतं पाणी बघा. तोंड बंद केलेली टाकी भरायची कशी?

आणि खालच्या बाजूला आपण काय करतो? दोन-दोन, तीन-तीन मजले खोल तळघरं खणतो. ती खणताना नेमका तो भेगांचा थर कापला जातो. थरातलं पाणी तळघरात उतरतं आणि आपण ते पंपाने गटारात टाकतो. आमच्याकडे हा पाझर जानेवारीपर्यंत चालतो. आसपासच्या प्रत्येक नव्या संकुलात असाच एक पंप आहे. पलीकडे कुणी तरी चारशे फुटांची बोअर मारतो, ती दोन उन्हाळ्यांत आटते, मग तो पाचशेवर जातो. पावसाचं पाणी जिरवायची सक्ती इमारतींना आहे. पण गच्चीवरून खाली आणलेला पाइप पुढे नेमका कुठे उघडतो हे भोगवटा प्रमाणपत्र हातात पडल्यावर कोण जाऊन पाहतं? आमचा पाइप एका चेंबरमध्ये उतरतो. मी झाकण उचलून पाहिलं. आत वाळू घट्ट बसली होती आणि तिच्यावर रोपटी उगवली होती.

आता धरणांकडे वळू. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची साठवण मिळून २९.१५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. यातलं वर्षाला वीस टीएमसीच्या वर पाणी एकटं पुणे शहर उचलतं. याच धरणांच्या उजव्या मुठा कालव्यावर हवेली, दौंड आणि इंदापूरची शेती उभी आहे. कालवा समितीची बैठक आली की दर वर्षी तोच तंटा होतो. शहराला किती आणि शेतीला आवर्तनं किती? दौंडच्या शेतकऱ्याने ऊस का लावला, असं पुण्यात बसून विचारणं सोपं आहे, आणि त्या प्रश्नात तथ्यही आहे. पण शहराच्या आपल्याच नळांतून सुमारे चाळीस टक्के पाणी गळून जातं, असं पालिकेचाच अंदाज सांगतो. समान पाणीपुरवठ्याची योजना त्यासाठीच आली आणि वर्षामागून वर्षं रेंगाळली. पूर्व पुण्यासाठी भामा आसखेडचं पाणी २०२१ पासून येऊ लागलं, तेही धरणग्रस्तांच्या विरोधानंतर. आता मुळशीच्या धरणाकडे डोळे लागले आहेत. त्या खोऱ्यातली गावं गेली ती मुंबईच्या विजेसाठी. शंभर वर्षांपूर्वी सेनापती बापटांनी तिथे सत्याग्रह केला तो याच कारणाने. शहर आपलं घर आवरत नाही आणि प्रत्येक वेळी शेजारच्या खोऱ्यात हात घालतं, हे मला पुणेकर म्हणून लाजिरवाणं वाटतं.

वापरलेलं पाणी पुढे जातं कुठे? मुळा-मुठा होऊन ते भीमेला मिळतं आणि भीमा उजनीत उतरते. सोलापूर उजनीचं पाणी पितं. उजनीच्या खाली तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. आषाढीला पुण्यातून पालखी जाते तेव्हा आपण वारकऱ्यांना दारात उभं राहून पाणी देतो, पायांवर डोकं ठेवतो. पंधरवड्याने तोच वारकरी चंद्रभागेत उतरतो तेव्हा पुण्यातून वाहून गेलेलं मैलापाणी त्या नदीच्या वाट्याला आलेलं असतं. सोलापूरकरांनी मात्र शुद्ध करून करून ते प्यायचं, आणि तेही चार-चार दिवसांनी नळाला येणार. मैलापाणी शुद्ध करायला जपानी कर्जातून अकरा नवी केंद्रं उभारायचं ठरलं ते २०१६ च्या सुमाराला, खर्च सुमारे ९९० कोटी. त्यानंतर किती पावसाळे गेले! शुद्ध केलेलं साडेसहा टीएमसी पाणी मुंढव्याहून उचलून शेतीच्या कालव्यात सोडायचं आणि तितकं धरणाचं पाणी शहराने वापरायचं, ही कल्पना चांगली होती. अजूनही चांगली आहे. पण नळातून येणाऱ्या थेंबावर जितकं राजकारण होतं, त्याच्या दहावा भाग लक्षही शहरातून जाणाऱ्या थेंबाकडे कुणी देत नाही.

नदीकाठ सुधारण्याचा ४४ किलोमीटरचा प्रकल्प चालू आहे. बांध, फिरायला रस्ते, घाट, बागा. नदीकाठी शहराला बसायला जागा हवी, हे मला मान्य आहे. माझी हरकत क्रमाला आहे. आधी नदीत मैला जाणं थांबवा, ओढ्यांची तोंडं मोकळी करा, काठावरची जुनी झाडी आणि झरे राखा, मग कट्टे बांधा. इथे भरावाचं काम पुढे गेलं आणि मैल्याचं मागे राहिलं. राम-मुळा संगमाजवळची झाडी वाचवायला माणसं झाडांना मिठी मारून उभी राहिली. त्यांना विकासविरोधी म्हणणं सोपं होतं, पण ती माणसं नदीचं पात्र किती रुंद असावं या अगदी साध्या प्रश्नाचं उत्तर मागत होती. पूररेषा दोन असतात. सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं. त्याच दिवशी डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तीन जण गेले. नदीच्या इतकं जवळ लोक राहायला आले, ते कुणाच्या सहीने, हे विचारायला नको का?

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. माणसांना घरं लागतात. ओढ्याला जागा, टेकडीला जागा, पूररेषेला जागा देत बसलो तर घरं आणखी महाग होतील आणि साधी माणसं आणखी लांब फेकली जातील. मी उंच इमारतींच्या विरोधात नाही. मेट्रो स्थानकाच्या आसपास, जिथे नळाचं पाणी आणि मैलावाहिनी खरोखर आहे, तिथे दाट वस्ती झाली तर उलट चांगलंच. माणसांचं रोजचं पळणं वाचेल, जमीन वाचेल. माझा विरोध पाण्याशिवाय वाटल्या जाणाऱ्या एफएसआयला, म्हणजे जागेच्या मानाने किती बांधता येईल त्या परवानगीला, आहे. बाहेरच्या गावांत परवानगी देताना विकासकाकडून हमीपत्र घेतात, की महापालिकेचं पाणी येईपर्यंत रहिवाशांना पाणी मी पुरवीन. आमच्या कागदांतही ते आहे. घराचा ताबा मिळून दोन वर्षं झाल्यावर त्या हमीचं काय झालं, हे विचारायला आम्ही गेलो तेव्हा तो कागद दाखवण्यापुरताच उरला होता. टँकरचं बिल आता आम्हीच भरतो, ज्याला कर्जाचा हप्ता भरून महिनाअखेर काही उरत नाही तोही भरतो. आमच्या खालच्या मजल्यावरचं एक जोडपं शेवटी घर भाड्याने देऊन परत हडपसरला आईवडिलांकडे राहायला गेलं.

महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. त्यातली दोन पुढे बाहेर पडली. क्षेत्रफळात पुणं मुंबईच्याही पुढे गेलं, आणि त्याचा अभिमानाने उल्लेख होत होता. गावं आली तेव्हा त्यांच्या विहिरी, ग्रामपंचायतीच्या टाक्या, उघडी गटारं तशीच आली. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी भागात गिया बारे सिंड्रोमची साथ आली. रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. धडधाकट माणसांचे हातपाय अचानक लुळे पडत होते आणि संशयाची सुई पाण्यावर होती. ही गावं खडकवासला धरणापासून काही किलोमीटरवर आहेत. लाखो लोकांना जाणारं पाणी त्यांच्या शेजारून पुढे जातं आणि त्यांच्या घरात मात्र नीट शुद्ध न झालेलं विहिरीचं पाणी येत होतं. एवढं घडूनही पुढच्या इमारतींची परवानगी थांबली नाही.

या शहरात नेमके किती लोक राहतात हेसुद्धा पाण्याच्या भांडणात मिटत नाही. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिका क्षेत्रात ३१ लाखांवर लोक होते. त्यानंतर पाण्याचा कोटा मागताना पालिका एक आकडा मांडते आणि जलसंपदा विभाग तो फुगवलेला म्हणून नाकारतो. माणशी किती लिटर द्यायचं हे ठरवायला आधी माणसं मोजावी लागतात ना? तोवर बांधकामाच्या परवानग्या मात्र धडाक्याने चालू असतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कोणत्याही गावाचा, प्रभागाचा विकास आराखडा करताना त्याचं पाण्याचं खातं आधी मांडा आणि लोकांसमोर ठेवा. जमेला नळाचं पाणी, भूजल, शुद्ध करून पुन्हा वापरता येणारं पाणी. खर्चाला आजची वस्ती आणि मंजूर झालेल्या पण अजून न बांधलेल्या इमारती. खातं तोट्यात असेल तर त्या वर्षी तिथे नवी परवानगी नाही. ओढ्यांची हद्द जुन्या गावनकाशावरून मोजून खांब रोवा आणि सातबारावर तशी नोंद घाला, म्हणजे पुढच्या खरेदीखतात ती कुणाला लपवता येणार नाही. तळघरातून निघणारं पाणी गटारात टाकायला बंदी घाला. ते टाकीत घेता येतं, बागेला वापरता येतं, ओढ्यात सोडता येतं. आम्ही सोसायटीत एवढं तरी सुरू केलं आहे. पाझराचं पाणी आता संडासच्या फ्लशच्या टाक्यांना जातं आणि दिवसाला एक टँकर कमी झाला आहे.

आणि ओढ्यांचं काम गरिबांच्या घरांपासून सुरू करू नका. जून २०२१ मध्ये, पावसाळा तोंडावर असताना, दांडेकर पुलाजवळ आंबील ओढ्याकाठच्या घरांवर बुलडोझर चालले. बायका लेकरांना कवटाळून रस्त्यावर बसल्या. न्यायालयाने त्याच दिवशी ते थांबवलं. त्या वस्तीला पुराचा धोका होता हे खरंच, २०१९ मध्ये तिने तो सोसलाही होता. पण वरच्या अंगाला ज्या बड्या भिंती ओढ्यात घुसलेल्या आहेत त्यांच्यापर्यंत यंत्र गेलंच नाही. ज्याच्याकडे कागद नाही त्याचं घर अतिक्रमण आणि ज्याच्याकडे मंजुरीचा शिक्का आहे त्याची भिंत कायदेशीर, असं ओढा काही मानत नाही. वस्ती हलवायची तर जवळपास पक्कं घर आधी द्या. तेच १९६१ नंतर माझ्या मावशीच्या सासरच्यांना मिळालं होतं.

हे सगळं कुणाला विचारायचं, ही आणखी एक अडचण. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ शहराला नगरसेवकच नव्हते. कारभार प्रशासकाकडे होता. गावं वाढत होती, कोट्यवधींची कामं निघत होती आणि ओढ्यात भराव पडला तर दारात जाऊन भांडावं असं निवडून दिलेलं माणूस नव्हतं. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना निवडून आलेल्या पालिकेचा जो हक्क दिला तो आपण इतक्या सहज हातचा जाऊ दिला, याचं मला फार वाईट वाटतं. पाण्याचं खातं प्रभागात वाचलं गेलं पाहिजे, आणि ते वाचून दाखवणारा आपण निवडलेला असला पाहिजे.

मागच्या महिन्यात एका रविवारी आम्ही सहा-सात जण त्या आजोबांबरोबर ओढा चालत गेलो. भूमिअभिलेखातून काढलेली गावनकाशाची प्रत सोबत होती. टेकडीच्या पायथ्याशी ओढा अजून ओढ्यासारखा आहे, करंजाची झाडं आहेत, खंड्याही दिसला. पुढे एका मंगल कार्यालयाच्या मागे तो अर्धा होतो. मग रस्त्याखाली जातो. आमच्या सोसायटीशी नकाशात त्याची रेघ सरळ पार्किंगमधून जाते. शाळेच्या मैदानाच्या कडेला तो पुन्हा उघडा पडतो, काळा आणि वास मारणारा. शेवटी नदीपाशी पोहोचलो. नकाशात तिथे ओढ्याचं पात्र मोजलं तर सत्तर फुटांच्या आसपास भरतं. जागेवर शेजारी शेजारी दोन सिमेंटचे पाइप होते आणि त्यांतल्या एकात गाळ अर्ध्यापर्यंत चढलेला होता. आजोबा खाली वाकून आत बघत होते. आम्ही फोटो काढले, फुटपट्टी धरून मापं घेतली आणि नकाशाची प्रत जोडून हरकतीचा अर्ज तयार केला. आमच्या गावाच्या आराखड्यात पहिलं पान या ओढ्याचं असावं, एवढंच त्यात लिहिलं आहे. खाली एकशे बारा सह्या आहेत. पहिली आजोबांची आहे, अंगठ्याची.